सनई आणि गोचीड

कंपनीनं त्या यंत्राचं नाव ठेवलं होतं ‘हृदयरक्षक’. मिरजेत ते आलं आणि आठवडाभरात लोकांनी त्याचं नव्यानं बारसं केलं. त्याची गोचीड झाली. दिसायला होतीही तशीच. करड्या रंगाची, फुगीर पाठीची, दंडाच्या आतल्या बाजूला घट्ट चिकटून बसणारी. फरक एवढाच, की ही रक्त पीत नसे. हिच्या पोटात औषधाची कुपी होती, केसाएवढी सुई होती आणि नाडीवर सतत कान लावून बसलेला एक चिमुकला मेंदू होता. ज्यांचं हृदय अवचित मंदावतं आणि जे उभ्या उभ्या कोसळतात, त्यांना ती वेळेवर सुई टोचे. डॉक्टरची वाट बघायला नको, शीर शोधायला नको.

केतकी वाजंत्री मिरजेतल्या एका मोठ्या इस्पितळाच्या उपकरण विभागात नोकरीला होती. तालुक्यातल्या सगळ्या गोचिडींवर लक्ष ठेवायचं तिचं काम. कुणाचा ठोका कधी मंदावला, कुणाची सुई कधी चालली, हे तिच्या पडद्यावर दिसे. आणि केतकीचा स्वभाव असा, की रेषा वाकडी झाली की ती का वाकडी झाली हे कळेपर्यंत तिला जेवण गोड लागत नसे. कुणाची सुई रक्त बघितल्यावर चाले. एका मास्तरांची रोज सकाळी संडासात चाले, कारण कुंथताना हृदयाचा ब्रेक लागतो. ही गोष्ट मास्तरांना कशी सांगायची याचा तिनं दोन दिवस विचार केला होता.

पण एक रेषा तिला उलगडत नव्हती आणि ती तिच्या घरातलीच होती. तिचे सासरे कृष्णात वाजंत्री. वय साठीच्या पुढे, अंगाने काटक. कृष्णेकाठच्या बेळंकवाडीत जोगेश्वरीच्या देवळात पहाटे सनई वाजवायचं काम त्यांच्या घराकडे पिढ्यान् पिढ्या होतं. हिवाळ्यात नगारखान्याच्या पायरीवर ते दोनदा चक्कर येऊन बसले आणि केतकीनंच त्यांना धरून नेऊन गोचीड लावून आणली. तेव्हापासून त्यांची सुई रोज पहाटे चालायची. रात्री झोपेत नाही, दिवसभर शेतावर नाही, नेमकी सनईच्या वेळेला.

आणि सनई बिघडली होती.

“तोंडात वाळू भरल्यागत झालंय बघ,” देवळातून आल्यावर मामा म्हणाले. सासऱ्यांना ती मामाच म्हणायची. “सुरुवात बरी व्हती. मग ती तुझी गोचीड चावली आन् तोंड कोरडं ठाक. सनईच्या तोंडाची गवताची पत्ती वाळली. वाळल्या पत्तीतनं सूर निघतोय व्हय? बदक वरडल्यागत आवाज. खाली बाया हसाय लागल्या.”

“मामा, आज इस्पितळात चला माझ्याबरोबर. डॉक्टरांना विचारू.”

चालक नसलेल्या एसटीनं दोघं मिरजेला गेले. एसटीला चालक नसून आता तीन-चार वर्षं झाली होती, तरी खड्डा आला की मागून कुणीतरी रिकाम्या सीटला शिवी घालायचंच.

डॉक्टर अल्मास मुजावर हृदयाच्या डॉक्टर. केतकीच्या वरिष्ठ. बोलायला मोकळ्या, पण औषधाच्या बाबतीत कडक.

“कृष्णातराव, हृदयाला दोन नसा असतात असं धरा,” त्या म्हणाल्या. “एक पळ म्हणते, दुसरी थांब म्हणते. थांब म्हणणारी ती वेगस. तिचा ब्रेक सतत थोडा लागलेलाच असतो, म्हणून आपलं हृदय शहाण्यासारखं चालतं. तुमचं हृदय धड आहे. तुमचा ब्रेक अधूनमधून कचकन लागतो, एवढंच. गोचिडीतलं अ‍ॅट्रोपीन हृदयाला पळवत नाही. ते ब्रेकची पकड सोडवतं.”

“मग तोंडाचं काय? तोंड काय हृदयात हाय?”

“वेगस हृदयाला निरोप देते तो एका रसायनाच्या हातून. तेच रसायन लाळेच्या ग्रंथींना सांगतं, पाझरा. घामाला सांगतं, ये. डोळ्याच्या बाहुलीला सांगतं, बारीक हो. अ‍ॅट्रोपीन त्या निरोपाचं दारच बंद करतं. ते दार हृदयाचं आहे की जिभेखालचं, हे त्याला कळत नाही. म्हणून तर गोचीड लावायच्या आधी तुमच्या डोळ्यांतला दाब तपासला, लघवी अडकते का विचारलं.”

सुनेसमोर लघवीचा विषय निघाल्यावर मामांनी छताकडे बघितलं.

“उन्हात जायचं नाही, हे पण सांगितलं होतं. घाम येत नाही, मग अंग तापतं. औषध जुनंच आहे हो. धोतरा माहीत आहे ना? त्याच्याच भावकीतलं.”

“म्हंजे मला रोज धोतरा पाजताय?”

“मापात पाजतोय,” डॉक्टर म्हणाल्या. “द्राक्षबागेत फवारणीचं विष अंगात गेलं की हेच औषध बाटल्यांवर बाटल्या देऊन आम्ही माणूस वाचवतो. सगळा खेळ मापाचा आहे.”

त्या ‘माप’ शब्दानं केतकीच्या डोक्यात घर केलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती मामांच्या मागोमाग नगारखान्यात चढली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती सनई खालूनच ऐकत होती. वर एक मोठा नगारा, एक घोंगडी आणि एक खिडकी, जिच्यातून देवळाचं दार दिसे. नेम असा होता, की दार उघडल्यापासून आरती संपेपर्यंत सनई तुटायची नाही; कडव्यांच्या मधे घंटा वाजे तेवढाच विसावा. मामा गालात हवा भरून ठेवत, नाकानं श्वास घेत आणि गालातली हवा फुंकत राहत. खालच्या माणसाला वाटे, यांना श्वास लागतच नाही.

केतकीनं फोनवर रेषा उघडली. मामांनी सूर धरला, मान ताठ झाली, कपाळावरची शीर फुगली. रेषा घाईत चालू लागली. मग आरती संपली, मामांनी सूर सोडला, आणि रेषा एकदम लांब लांब झाली. ठोका, मोठी मोकळी जागा, ठोका. सुई चालली.

तिला आनंदानं ओरडावंसं वाटलं. बारीक पत्तीतून हवा रेटताना छातीत दाब वाढतो, हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं. सूर सुटला की अडलेलं रक्त लोंढ्यानं आत येतं, दाब उसळतो, मानेतल्या धमन्या मेंदूला कळवतात आणि मेंदू ब्रेकवर पाय देतो. तरुण माणसाचा मेंदू हलका पाय देतो. मामांचा मेंदू म्हातारपणी दोन्ही पाय देत होता. आरतीच्या मधे लांब तान सुटली की तिथेही तेच व्हायचं, सुई चालायची आणि उरलेली आरती कोरड्या तोंडानं काढावी लागायची.

“कळलं मामा!” तिनं सगळं समजावून सांगितलं.

मामांनी शांतपणे ऐकलं. “लई चांगलं. आता हे सांग, पत्ती ओली कशी ऱ्हाईल?”

केतकीनं फोन बंद केला.

दुपारी मामा ओसरीवर पत्ती घासत बसले होते. गवताच्या कांडीची दुपदरी पत्ती, नखाएवढी. काचेच्या तुकड्यानं एक हलका घास द्यायचा, तोंडात धरून फुंकून बघायची, परत एक घास. जरा जास्त घासली की गेली कामातून. या घरात सगळं असंच चाले. भाजीत मीठही चिमूट घालून, चाखून, परत चिमूट.

“तुझ्या त्या औषधाचं बी असंच कर की,” मामा म्हणाले. “बाई म्हणत्यात, खेळ मापाचा हाय. मग थोडं कमी कर. वाजवून बघू. परत थोडं कमी कर. जिथं तोंड ओलं ऱ्हाईल आन् माणूस पडणार न्हाई, तिथं थांब.”

केतकीला ते पटलं. नको इतकं पटलं. गोचिडीला खालची एक मर्यादा घालून दिलेली होती, एका वेळी अर्ध्या मिलिग्रॅमच्या खाली सुई जायची नाही. कंपन्या आपल्या अंगाला काही लागू नये म्हणून अशा मर्यादा घालतात, असं केतकीला वाटलं. चाचणीच्या टेबलावर यंत्रं तपासायला तिच्याकडे एक किल्ली होती, तिनं ही मर्यादा उघडता येई. डॉक्टरांना विचारायला हवं होतं. विचारलं तर त्या नाही म्हणतील, हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं विचारलं नाही. आधी थोडं कमी केलं. मग आणखी थोडं. तोंड ओलं राहू लागलं तेव्हा मात्रा पाव हिश्शावर आली होती.

आणि सनई काय वाजली म्हणता! म्हशीची धार काढणारी माणसं हात थांबवून ऐकू लागली. बाया हसायच्या बंद झाल्या. मामा घरी येत ते गुणगुणत येत. एकदा तर त्यांनी केतकीसाठी स्वतः चहा टाकला. केतकीचा नवरा धैर्यशील जतला पवनचक्क्यांवर कामाला होता आणि सुट्टीलाच घरी यायचा. त्याला तिनं फोनवर ऐकवलं. “आबा असे वाजवायचे मी लहान असताना,” तो म्हणाला आणि परत एकदा ऐकवायला सांगितलं.

रेषेत एक गोष्ट तिला खटकली होती. सुई चालल्यावर ठोका आधी आणखी खाली जायचा, मग हळूहळू वर यायचा. औषध कमी आहे, पोचायला वेळ लागत असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. ज्या बाईला वाकडी रेषा बघून जेवण जात नसे, ती त्या दिवसांत पोटभर जेवत होती.

त्या पहाटे ती स्वयंपाकघरात होती. सनई ऐकू येत होती. फोन ओट्यावर उभा ठेवलेला. आरतीच्या मधे मामांनी एक लांबलचक सूर धरला आणि सोडला. रेषा मंदावली. सुई चालली. ठोका वर यायचा तो खाली गेला. गोचिडीनं तो बघून परत सुई चालवली, तेवढीच इवलीशी. ठोका आणखी खाली. केतकीच्या हातातलं उलथनं हातातच राहिलं. प्रत्येक सुईनंतर आकडा उतरत होता. जे औषध हृदय वर काढतं, ते त्याला खाली ढकलत होतं. हे कसं शक्य आहे, असा विचार तिच्या मनात आला, आणि त्याच क्षणी सनई थांबली आणि नगारा वाजला. एकदाच. धाडकन.

खाली लोकांना वाटलं, मानाचा ठोका पडला. बायांनी हात जोडले.

केतकी अनवाणी धावली. वर मामा नगाऱ्यावर पालथे पडले होते, कपाळातून रक्त येत होतं. तिनं त्यांना ओढून घोंगडीवर सपाट निजवलं, पाय उचलून नगाऱ्यावर ठेवले आणि फोनवरून पूर्ण मात्रा सोडली. मग तिनं त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली, कारण त्या घडीला तिचा यंत्रावर विश्वास उरला नव्हता. बोटांखाली काही लागेना. मग लागलं. मग परत लागलं. मग नीट चालू लागलं.

मामांनी डोळे उघडले. “सूर तुटला व्हय गं?” त्यांनी विचारलं. केतकी ओक्साबोक्शी रडू लागली.

इस्पितळात कपाळाला टाके पडले. डॉक्टर मुजावर पडद्यावरची रेषा बघत उभ्या होत्या. “खालची मर्यादा कुणी उघडली?”

“मी,” केतकी म्हणाली.

“मीच सांगितलं तिला,” मामा खाटेवरून म्हणाले. “तिचा काय बी दोष न्हाई.”

“सांगायला काय, मलाही लोक काहीबाही सांगतात,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण केतकीला वाटलं, चढला असता तर बरं झालं असतं. “केतकी, ही मर्यादा का असते माहीत आहे तुला?”

“नाही.”

“ब्रेकवर पाय देणारी जी नस आहे ना, तिच्यावर एक आवरणारा बसवलेला असतो. पुरे, फार दाबू नकोस, असं तो तिला सांगत असतो. अ‍ॅट्रोपीन अगदी थोडं दिलं की ते आधी त्या आवरणाऱ्याचंच तोंड बंद करतं. मग नस मोकाट सुटते आणि ब्रेक अजून जोरात लागतो. भरपूर दिलं तरच ते हृदयावरच्या दारापर्यंत पोचून ते बंद करतं. म्हणून कमी मात्रा म्हणजे कमी परिणाम असं इथे नसतं. इथे ती उलटी फिरते. पत्ती घासण्यासारखं नाही हे.”

केतकीला लाज वाटली आणि त्याच वेळी, त्या तसल्या प्रसंगीसुद्धा, वाटलं की किती विलक्षण आहे हे. तिनं ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

डॉक्टरांनी तिची किल्ली काढून घेतली. तिनं आता रेषा फक्त बघायच्या, हात लावायचा नाही. मामांकडे वळून त्या म्हणाल्या, “तुम्हाला दोन वाटा आहेत. पूर्ण मात्रा, नाहीतर सनई बंद. मधली वाट नाही.”

धैर्यशील जतहून धावत आला. त्यानं सनई कापडात गुंडाळून फळीवर ठेवली. “आबा, पुरे आता.”

“पुरे,” मामा म्हणाले.

देवळाच्या मंडळींनी जुनं ध्वनिमुद्रण भोंग्यावर लावायला सुरुवात केली. ते मामांनीच कधीतरी वाजवलेलं. रोज पहाटे सगळं गाव ते ऐकू लागलं आणि मामाही अंथरुणात बसून ऐकू लागले.

“त्या दिवशी पत्ती जरा ढिली व्हती,” एका सकाळी ते केतकीला म्हणाले. “वरच्या सुरावर घसरलोय बघ. ह्यो असा. दुसऱ्या दिवशी नीट वाजवलं व्हतं. पण देवीला आता रोज घसरलेलंच ऐकाय लागणार.”

त्यांनी तक्रार अशी केलीच नाही. जेवत, शेतावर जात, पण दोन घास कमी आणि चार शब्द कमी. आपण माणूस वाचवला आणि आतला माणूस घालवला, असं केतकीला वाटू लागलं. पूर्ण मात्रेनं हृदय सांभाळलं जात होतं, अडचण फक्त तोंडाची होती. मग तोंडापुरताच प्रश्न सोडवायचा. यंत्राला हात लावायचा नाही, हे तर पक्कंच होतं.

ती डॉक्टर मुजावरांकडे गेली. या वेळी विचारायला गेली.

“सनईच्या आधीच पूर्ण मात्रा द्यायची,” डॉक्टर विचार करून म्हणाल्या. “पहाटेच्या गारव्यात, म्हणजे घामाची भीती नाही. बसून वाजवायचं, मागे गादी, शेजारी माणूस. फोन उघडा ठेवायचा, मी इथून बघेन. उतरताना काळा चष्मा, बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात, उजेड खुपेल. एवढं केलंत तर माझी हरकत नाही. तोंडाचं मात्र तुम्ही बघा.”

केतकीनं तोंडाचं बघायला घेतलं. ओसरीवर वाट्या मांडल्या. पत्ती पाण्यात बुडवली, ती फुगून लोळागोळा झाली. इस्पितळातून कृत्रिम लाळेची बाटली आणली, पत्ती चिकटून बसली आणि आवाजच निघेना. लोण्याचा हात लावला, नारळाचं पाणी झालं, एकदा ताकसुद्धा झालं. मामा आधी बघायलाही तयार नव्हते. ताकानंतर मात्र ते इतके हसले की त्यांना धाप लागली, आणि केतकीनं घाईघाईनं फोन बघितला.

“अगं येडे,” ते म्हणाले, “पत्तीला थुंकीच लागती. माणसाची. कोमट, चिकट, जेवढ्यास तेवढी.”

“मग माझी चालेल?”

मामांचं हसू थांबलं.

सनईवाल्यांच्या घरात एकाची पत्ती दुसऱ्याच्या तोंडात जात नाही. बाप आपली पत्ती मुलाला देत नाही. त्यात ही सून. माणसं चंद्रावर राहून आली, एसटी आपली आपण चालू लागली, पण सुनेचं उष्टं सासऱ्यानं तोंडात घालायचं म्हणजे काय, या प्रश्नाला बेळंकवाडीत अजून कुणी हात घातला नव्हता.

“लोक काय म्हणतील?” मामा म्हणाले.

“नगारखान्यात लोक कुठे असतात? दोन पत्त्या ठेवू. एक तुम्ही वाजवायची, दुसरी माझ्या तोंडात. तान संपली की घंटा वाजते तेवढ्यात बदलायची.”

“ते न्हवं गं.” मामा हातातल्या पत्तीकडे बघत राहिले. “माझ्या तोंडातली मी तुला कशी देऊ? म्हाताऱ्याचं उष्टं. तुला शिसारी येईल.”

त्यांना स्वतःसाठी नव्हे, तिच्यासाठी संकोच वाटत होता, हे केतकीला तेव्हा कळलं. तिनं त्यांच्या हातातली पत्ती घेतली आणि सरळ तोंडात टाकली. तिला गवताची चव लागली, जराशी तुरट. मामांनी मान वळवली, पण उठून गेले नाहीत.

अष्टमीच्या पहाटे दोघं नगारखान्यात चढली. भोंगा बंद ठेवायला सांगितला होता. धैर्यशील खाली जिन्याशी उभा होता. त्याला वर बोलावलं होतं, पण त्याचं धाडस झालं नाही. मागे गादी मांडली, मामा खिडकीकडे तोंड करून बसले. डॉक्टरांनी मिरजेहून हुकूम दिला आणि गोचिडीनं पूर्ण मात्रा सोडली. थोड्या वेळात मामांनी ओठांवरून जीभ फिरवली. “झालं कोरडं,” ते पुटपुटले. ठोका चांगला वर, सरळ. मिरजेहून डॉक्टरांचा निरोप आला, चालू करा.

खाली देवळाचं दार उघडायची तयारी सुरू झाली. केतकीनं पत्ती तोंडात धरली.

आणि तिला कळलं की आपलं तोंडही कोरडं आहे.

तिनं जीभ फिरवली. काही नाही. तिच्या डोळ्यांसमोर नगाऱ्यावर पालथे पडलेले मामा होते, कानात तो धाडकन आवाज होता, छातीत धडधड चालली होती. भीतीनं ब्रेक सुटतो, तोंड सुकतं, बाहुल्या मोठ्या होतात. मामांना सुईनं जे झालं होतं ते तिला सुईशिवाय झालं होतं. तिनं पत्ती बाहेर काढून बघितली. तशीच कोरडी.

“मामा, माझ्याच्यानं होत नाही. पाणीच सुटत नाही. मला भीती वाटतेय.”

मामांनी खिडकीतून खाली बघितलं. गुरव कडीला हात घालत होते. मग ते तिच्याकडे वळले.

“चिंच आठव.”

“काय?”

“गाभुळलेली चिंच. हिरवी न्हाई, पिकल्याली न्हाई. टरफल नखानं सोलाय येती ती. लहानपणापासनं पोरं माझ्यासमोर उभी ऱ्हाऊन चिंचा चोखायची, म्हाईत हाय? सनईवाल्याच्या तोंडाला पाणी सुटलं की सनईत लाळ उतरती आन् सूर बुडतो. लग्नात, जत्रंत, जिथं जाईल तिथं एक तरी कार्टं चिंच घेऊन समोर. चिंच दिसली की मी तोंड फिरवायचो. कितीकांना दगड मारलं मी.” ते बोलत होते आणि त्यांचं स्वतःचं तोंड सुकलेलंच होतं. अख्खी चिंच चोखली असती तरी त्या दारातून आत्ता थेंब येणार नव्हता. “तर ती चिंच घ्यायची. मीठ लावायचं, जाडं मीठ. वर लाल तिखट. आन् दातानं जरा चावायची, मधनं चिकट तार निघती बघ…”

केतकीच्या जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांत कळ आली. जिभेखाली पाण्याचा झरा फुटला. तिनं पटकन पत्ती तोंडात घातली आणि मान हलवली. तिचे डोळेही भरून आले होते.

“सुटलं?”

तिनं पत्ती काढून त्यांच्या हातावर ठेवली. सवयीनं त्यांचा हात उपरण्याकडे गेला, कुणाच्याही तोंडची वस्तू पुसून घ्यायची सवय. तो मधेच थांबला. त्यांनी पत्ती तशीच ओली सनईला लावली आणि ओठांत धरली.

दार उघडलं. सनई बोलली.

पहिला सूर ऐकून खाली कुणीतरी “आली, सनई आली” असं ओरडलं. केतकी मागे गादीवर गुडघे टेकून बसली होती, दुसरी पत्ती गालात धरून. आरती चढत गेली. मामांनी लांब सूर धरला, मान ताठ झाली, कपाळावरच्या टाक्यांच्या खुणेशेजारची शीर फुगली. सूर जात राहिला, जात राहिला, देवळाच्या शिखरापाशी जाऊन थरथरला. मग त्यांनी तो सोडला.

केतकीनं फोनकडे बघितलं नाही. तिनं त्यांच्या पाठीकडे बघितलं. पाठ ताठ होती.

घंटा वाजायला लागली. मामांनी मान न वळवता एक हात मागे पसरला.

“आण, दुसरी दे.”